मेन्यूत नसलेली तक्रार

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: सांगलीत एकट्या राहणाऱ्या 71 वर्षांच्या वडिलांनी एका ॲपवरून औषधं मागवली. पार्सल अर्धवट आलं, पैसे मात्र पूर्ण कापले गेले. ॲपमध्ये फोन नंबर कुठेच सापडला नाही. चॅटवर बॉट पुन्हा पुन्हा तेच पाच पर्याय दाखवत राहिला आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पुण्यात ऑफिसमधलं काम सोडून तासभर त्यात घालवावा लागला. त्याच्या मित्राचं म्हणणं असं की फोनचा जमाना गेला, कंपन्यांना तो परवडत नाही, आणि चॅटवर सगळं होतं. तर ॲपवर चालणाऱ्या कंपन्यांनी फोनवर ग्राहकसेवा द्यायलाच हवी का?

माझ्या मते द्यायला हवी. सगळ्या कामांसाठी नको, पण काही कामांसाठी तिच्यावाचून चालत नाही. मी 2007 साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला हेडसेट लावून बसले, तेव्हापासून याच धंद्यात आहे. आधी एजंट, मग टीम लीडर, मग क्वालिटीचं, म्हणजे एजंटांचे फोन ऐकून तपासण्याचं काम. गेली काही वर्षं आपल्याकडच्या ॲप कंपन्यांची ग्राहकसेवा उभी करून देते. म्हणजे फोन बंद करा म्हणणाऱ्या बैठकांतही मी बसले आहे आणि तो बंद झाल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे.

आधी मित्राची बाजू घेते, कारण ती खोटी नाही. फोन महाग आहे आणि का महाग आहे हे कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. चॅटवर एक माणूस एकाच वेळी दोन-तीन जणांशी बोलू शकतो. ग्राहक टाइप करेपर्यंत तो दुसऱ्याला उत्तर देतो. फोनवर एका वेळी एकच. त्यात रांगेचं गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी ते मांडलं आणि आजही सगळी कॉल सेंटरं त्यावरच चालतात. समजा अर्ध्या तासात 100 फोन येतात आणि एक फोन सरासरी सहा मिनिटं चालतो. म्हणजे 600 मिनिटांचं बोलणं, 20 माणसांचं भरगच्च काम. पण 20 माणसं बसवली तर रांग वाढतच जाते, कारण फोन ठरवून ओळीने येत नाहीत, झुंडीने येतात. शंभरातले ऐंशी फोन 20 सेकंदांत उचलायचे असतील तर 25 माणसं खुर्चीत हवीत. सुट्ट्या, आजारपण, जेवण, ट्रेनिंग यांत तीस टक्के वेळ जातो असं धरलं की पगारावर 36 माणसं येतात. वीस माणसांच्या बोलण्यासाठी छत्तीस पगार. हा हिशोब पाहिल्यावर कंपनीचा मालक फोनचा नंबर ॲपच्या कोपऱ्यात ढकलतो, मग काढूनच टाकतो. त्याच्या जागी मी असते तर मलाही मोह झाला असता.

आता दुसरी बाजू. तिच्यासाठी एक फोन सांगते, जो मी स्वतः एजंटच्या शेजारी बसून दुसरा हेडसेट लावून ऐकला. एप्रिल महिना, दुपारी साडेतीनची वेळ. औषधं पोचवणारी कंपनी, एजंट कराडकडचा एक तरुण मुलगा. पलीकडे साठीच्या बाई.

"दादा, पार्सल आलंय, पण डबी हाताला कोमट लागतीया."

"काकू, आत बर्फाची पिशवी आहे का?"

"हाय की. पण पाणी झालंय तिचं."

मुलाने स्क्रीनवर ऑर्डर उघडली. इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काकू, ही डबी वापरू नका. घरात आधीचं किती शिल्लक आहे?" एक पेन होतं, दोन दिवस पुरेल एवढं. त्याने तिथल्या तिथे नवी ऑर्डर लावली, सकाळच्या गाडीने जाईल असं बघितलं आणि फोन ठेवल्यावर तक्रारीचं कारण नोंदवायचा कोड दिला: "इतर".

त्याच दिवशी आमच्या चॅटवर पर्याय होते: ऑर्डर आली नाही, चुकीची वस्तू आली, वस्तू फुटलेली आहे, पैसे परत हवेत, ऑर्डर रद्द करायची आहे. "डबी कोमट लागते" असा पर्याय नव्हता, कारण तसं होऊ शकतं हे कंपनीला माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात "इतर" खाली टाकलेले सगळे फोन मी एकेक करून ऐकले. त्याच मार्गावरचे आणखी काही जण तेच सांगत होते. शोधल्यावर कळलं की दुपारची गाडी जेवणाच्या वेळेत डेपोत उन्हात उभी राहते. गाडी सावलीत लावायला सांगितलं, बर्फाच्या पिशव्या वाढवल्या आणि मग चॅटमध्ये तो पर्याय घातला.

मला जे सांगायचं आहे ते सगळं या फोनमध्ये आहे. मेन्यूत तेवढंच असतं जेवढं कंपनीला आधीच ठाऊक असतं. बॉट कितीही हुशार केला तरी त्याला शिकवलेल्या कारणांच्या बाहेरची तक्रार तो जवळच्या कप्प्यात कोंबतो. त्या बाईंनी चॅट केलं असतं तर "वस्तू फुटलेली आहे" दाबून, फोटो पाठवून, फोटोत काहीच फुटलेलं नाही म्हणून तक्रार बंद झाली असती. इन्सुलिन त्यांनी टोचून घेतलं असतं. तुमच्या वडिलांच्या अर्धवट पार्सलचंही बहुधा असंच झालं असणार. "ऑर्डर आली नाही" म्हणावं तर आली आहे, "चुकीची वस्तू" म्हणावं तर आली ती बरोबर आहे.

आणि टाइप करण्याचा प्रश्न वेगळाच. माझी आई फोनवर दहा मिनिटांत भावकीतला वाद मिटवते, पण मोबाईलवर जोडाक्षर शोधताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. जे लोक बोलून उत्तम समजावतात, लिहायला बसले की अडतात, ते आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. त्यांना इंग्रजी पर्यायांच्या यादीतून वाट काढायला लावायची आणि मग "ग्राहकाने योग्य पर्याय निवडला नाही" अशी नोंद करायची, हे मी स्वतः केलेलं आहे. आज त्याचं वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कंपनीने नंबर दिला नाही म्हणून लोक नंबर शोधायचं थांबवत नाहीत. ते गुगलवर शोधतात. आणि तिथे चोर बसलेले असतात.

माझे मामा एसटीतून निवृत्त झाले, नाशिकला असतात. एका खरेदीच्या ॲपवरून घेतलेला मिक्सर परत केला, पण पैसे आले नाहीत. ॲपमध्ये नंबर सापडेना, म्हणून त्यांनी कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर नंबर" असं शोधलं. वर आलेल्या पहिल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. मामा नंतर म्हणाले, "कंपनीच्या माणसापेक्षा चांगला बोलत होता गं." त्याने स्क्रीन दिसणारं एक ॲप टाकायला लावलं, "रिफंड चालू करायला" पाच रुपये पाठवायला सांगितले आणि यूपीआय पिन टाकताना पाहिला. 48,000 रुपये गेले. मामांना सर्वात जास्त कशाचं लागलं असेल तर याचं की इतक्या दिवसांत त्यांच्याशी नीट बोलणारा पहिला माणूस चोर निघाला.

ही फसवणूक कशी चालते हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन म्हणजे पैसे देणं. कुठलीही खरी कंपनी रिफंडसाठी तुमची स्क्रीन बघायला मागत नाही. आणि असं घडलंच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच, अक्षरशः त्याच मिनिटाला फोन करायचा, कारण पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी कळवलं तरच ते अडवता येण्याची शक्यता असते. मामांनी रात्रभर लाजेपोटी कोणाला सांगितलं नाही आणि सकाळी फोन केला. तोवर उशीर झाला होता.

एखाद्या कंपनीच्या बैठकीत "आम्ही फोन बंद करून खर्च वाचवला" असं सांगतात, तेव्हा मी हा प्रसंग सांगते. तो खर्च कुठे गेला नाही. तो मामांसारख्यांच्या खात्यावर पडला.

कायदा काय म्हणतो, हेही तुमच्या मित्राला सांगा, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फोन देणं ही कंपनीची मर्जी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने ग्राहकसेवेचा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क तिच्या प्लॅटफॉर्मवर स्पष्ट दिसेल असा द्यावा असं म्हटलं आहे, आणि त्या संपर्काच्या तपशिलात ई-मेल, फॅक्स, लँडलाइन, मोबाईल क्रमांक यांचा उल्लेख आहे. तक्रार आल्यापासून 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. अडचण एका शब्दाची आहे. नियमात ही यादी "यांसारखे" अशा अर्थाने दिली आहे. नुसता ई-मेल दिला तरी भागतं, असा अर्थ कंपन्यांचे वकील तिथून काढतात.

युरोपातही हाच घोळ झाला होता. जर्मनीतल्या ग्राहक संघटनांनी ॲमेझॉनवर खटला भरला, आणि 10 जुलै 2019 ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक वेळी फोन नंबर दिलाच पाहिजे असं नाही, ग्राहकाला लवकर आणि नीट संपर्क साधता येईल अशी सोय असली की पुरे. पण त्याच वर्षी युरोपीय संघाने नियम बदलला. आता खरेदीपूर्वी ग्राहकाला जी माहिती द्यावी लागते तिच्यात विक्रेत्याचा फोन नंबर आणि ई-मेल दोन्ही आहेत. मे 2022 पासून हे लागू आहे. आपल्या नियमातला तो "यांसारखे" काढायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे सरकारचं लक्ष नाही असं मात्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2022 मध्ये ओला आणि उबरला नोटिसा दिल्या, त्यांत ग्राहकसेवेचा नंबर आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील प्लॅटफॉर्मवर नसणं हा एक मुद्दा होता. कॅब कंपन्यांसाठी केंद्राने 2020 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत 24 तास चालणारं कॉल सेंटर आणि इंग्रजीबरोबर राज्याच्या भाषेत मदत अपेक्षित होती. बँकांचं तर त्याआधीच ठरलं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार खात्यातून परस्पर झालेला व्यवहार कळवण्यासाठी बँकेने फोनसकट अनेक मार्ग चोवीस तास उघडे ठेवायचे आहेत, आणि चूक तिसऱ्याच कोणाची असेल व ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर शून्य जबाबदारी. बँकेला जे जमतं ते पैसे हाताळणाऱ्या ॲपला का जमू नये?

मग फोन कुठे हवाच? माझी रेघ अशी आहे. खात्यातून पैसे गेले आणि बदल्यात काही आलं नाही, तिथे. औषध, तब्येत, अन्नातून बाधा, तिथे. माणूस रस्त्यावर आहे, रात्र आहे, गाडी भलत्या वाटेने चालली आहे, तिथे. आणि ज्याचं खातंच बंद झालं आहे किंवा मोबाईल चोरीला गेला आहे, तिथे. ही शेवटची मंडळी सगळे विसरतात. "ॲपमध्ये जाऊन हेल्प दाबा" असं त्यांना सांगणं म्हणजे कुलूप लागलेल्या घरातून किल्ली आणायला सांगणं. बाकी "माझी ऑर्डर कुठे आहे", "पत्ता बदलायचा आहे", "बिल पुन्हा पाठवा" यांना फोन नको. ते चॅटवर किंवा नकाशावर अधिक चांगलं होतं. ऑर्डर कुठे पोचली हे विचारायला कोणाला सात मिनिटं होल्डवर ठेवणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

आणि चॅट बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तोच मार्ग आहे. कॅबमध्ये मागे बसलेल्या घाबरलेल्या मुलीला मोठ्याने बोलता येत नाही. तिला मुकाट्याने दाबता येईल असं बटण हवं. शिवाय चॅटचा स्क्रीनशॉट ग्राहकाच्या हातात राहतो. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, पण ते रेकॉर्डिंग कंपनीकडे राहतं. म्हणून मी ज्यांना फोन सेवा उभी करून देते त्यांना पहिली अट घालते: फोन संपला की काय ठरलं ते दोन ओळींत, तक्रार क्रमांकासह, ग्राहकाला एसएमएसने गेलंच पाहिजे.

बनावट नंबरांचा धोका टाळायला सगळ्यात चांगली सोय म्हणजे ॲपच्या आतलं कॉलचं बटण. ग्राहक ऑर्डरवरून फोन लावतो, एजंटपुढे तीच ऑर्डर उघडते, नाव-पत्ता-मोबाईल पुन्हा विचारायची गरज उरत नाही आणि चोराला मध्ये शिरायला जागा राहत नाही. रांग मोठी असेल तर "वीस मिनिटांत आम्ही फोन करतो" असं सांगून परत फोन करायचा, पण केलाच पाहिजे. जोडीला खातं अडकलेल्यांसाठी एक साधा नंबर वेबसाइटवर आणि पार्सलच्या बिलावर ठळक छापायचा. बिलावर छापलेला नंबर हा ज्येष्ठांसाठी सर्वात खात्रीचा, कारण कागद त्यांच्या हातात असतो, त्यांना काही शोधावं लागत नाही.

पण फोन उचलणाऱ्याच्या हातात काही नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. मी अशी सेंटरं पाहिली आहेत जिथे एजंटला शंभर रुपये परत करायलाही परवानगी नसते. तो फक्त "आपली तक्रार पुढे पाठवली आहे" म्हणतो, ग्राहक तिसऱ्यांदा फोन करतो, चौथ्यांदा ओरडतो, आणि शिव्या खाऊन खाऊन तो मुलगा चार महिन्यांत नोकरी सोडतो. एजंटला ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या अंदाजाने पैसे परत करू द्या. कराडच्या त्या मुलाला वरिष्ठांची परवानगी मागावी लागली असती तर नव्या इन्सुलिनची ऑर्डर त्या दिवशी लागलीच नसती. फोन किती सेकंदांत संपवला यावर एजंटला मोजू नका. तसं मोजलं की तो बोलणं आवरतं घेतो, आणि "डबी कोमट लागतीया" हे वाक्य बाईंच्या तोंडून येईपर्यंत फोन कटलेला असतो.

भाषेबद्दल एक. "मराठीसाठी दोन दाबा" म्हणायचं आणि पलीकडे हिंदी बोलणारा बसवायचा, हे थांबलं पाहिजे. मराठी एजंट मिळत नाहीत हे मला पटत नाही. साताऱ्यात, नांदेडला, अकोल्याला बसून घरून काम करणारी मुलं-मुली मी स्वतः निवडली आहेत. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहण्याचा खर्च वाचतो म्हणून ती टिकतातही जास्त.

खर्चाचं उत्तरही तिथेच आहे. येणाऱ्या फोनपैकी बरेच फोन कंपनीने स्वतः ओढवून घेतलेले असतात. एका ठिकाणी रिफंडच्या मेसेजमध्ये "5 ते 7 कामकाजाचे दिवस" असं लिहीत. मध्ये शनिवार-रविवार आला की लोक गोंधळत आणि तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू होत. आम्ही मेसेज बदलला: "14 तारखेपर्यंत पैसे जमा होतील." तारीख दिली एवढंच. त्या विषयाचे फोन डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले. फोनचं ऐकून मूळ दुरुस्त केलं तर पुढच्या महिन्यात तो फोन येत नाही. नंबर लपवला तर तक्रार राहते, फक्त ऐकू येत नाही.

हेच डिलिव्हरी करणाऱ्या मुलांनाही लागू आहे. आयडी ब्लॉक झाला की त्यांची त्या दिवसाची कमाई बंद, आणि "आपलं खातं तपासलं जात आहे" या ओळीशी भांडता येत नाही. त्यांच्यासाठी फोनवर माणूस असणं ग्राहकाइतकंच गरजेचं आहे.

छोट्या कंपनीवाल्यांनी छत्तीस पगारांच्या हिशोबाने घाबरू नये. दिवसाला शंभर ऑर्डर असतील तर एक मोबाईल पुरतो, आणि पहिलं वर्ष तो मालकाने स्वतः उचलावा. दुसऱ्या कोणाकडून न कळणाऱ्या गोष्टी त्याला तिथे कळतील.

आता तुमच्या वडिलांच्या पैशांचं. ॲपमध्ये किंवा वेबसाइटच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल शोधा. त्यावर ऑर्डर क्रमांक, बिल, आलेल्या औषधांचा फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट पाठवा, आणि मराठीत लिहिलंत तरी चालेल. 48 तासांत पोच आली नाही किंवा गोलमाल उत्तर आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. तिथे मराठीतून तक्रार घेतात आणि ती कंपनीकडे पोचवतात. तेवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही आणि अर्ज सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. दरम्यान वडिलांची राहिलेली औषधं जवळच्या दुकानातून आजच आणा, बिल जपून ठेवा. आणि त्यांच्या मोबाईलमध्ये 1930 आणि 1915 हे दोन्ही नंबर नावानिशी सेव्ह करून द्या, म्हणजे पुढच्या वेळी ते गुगलवर नंबर शोधायला जाणार नाहीत.